कारण अज्ञात

शकरमो, सामान बांधून झालं असेल
तर दोन मिनिटं बस. ट्रक अजून आलेला नाही,
आणि बार्तांगच्या खोऱ्यात ट्रक वेळेवर आला
अशी माझ्या वहीत एकही नोंद नाही.

चहात मीठ घातलंय. पी.

त्या वर्षी जर्दाळू वाळत पडले तेव्हापासून
रोज संध्याकाळी सुई थरथरायची.
फार नाही. झोपेत मुलाची पापणी हलते, तेवढीच.
मी लिहायचे: स्थानिक, क्षीण, कारण अज्ञात.
अकरा आठवडे कारण अज्ञात.

आणि वर तळं.
माझ्या जन्माआधी एका रात्री डोंगर नदीत बसला,
पाणी जिथल्या तिथं थांबलं,
अजून थांबलंय, आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर.
झोप कुठली यायला?
दुशान्बेहून उत्तर आलं: लक्ष ठेवा.
जणू मी इथं बटाटे सोलायला बसले होते.

तू रोट्या घेऊन आलीस. तेरा वर्षांची,
पायात भावाचे बूट,
एकाला नाडी, दुसऱ्याला सुतळी.
भिंतीवर टांगलेले आलेख तू असे वाचलेस
जसं शेजारणीचं वाळत घातलेलं धुणं वाचावं:
कोण आजारी, कुणाकडे पाहुणे, कोण परगावी.
म्हणालीस, "शुक्रवारी का नाही?"

मी पाहिलं.
अकरा शुक्रवार. एकाही शुक्रवारी नाही.

"शुक्रवारी नवरूझशोची गिरणी बंद असते."

मी हसले.
हे कुठल्याच अहवालात नाही, म्हणून आज सांगते.
मी हसले आणि म्हटलं, पैसे उद्या ने.

दुसऱ्या संध्याकाळी सुई हलली,
थांबली. हलली,
थांबली. पुन्हा एकदा.
मग लांब, सपाट रेघ.
दार ढकलून तू आत, धापा टाकत,
भुवयांपर्यंत तुतीचं पीठ:
"तीनदा पाट अडवला. तीनदा दिसलं?"

दिसलं.

तुझा काका तेव्हा चौकात म्हणाला होता,
पोरीला त्यातलं काय दगड कळणार!
शब्द बरोबर निवडला त्यानं.
नेमका दगडच कळला तुला:
कुठल्या खडकातून जात्याची घरघर
टेकडी चढून माझ्या टेबलापर्यंत येते
आणि कुठल्यात जिरून जाते.

मला आनंद झाला असं म्हणायला हवं.
आधी लाज वाटली.
सतरा वर्षं मी सुईकडे बघत होते,
ओढ्याकडे एकदाही नाही.

मग अकरा आठवडे खोडले. पट्टी लावून, एकेक ओळ.
कारण: पाणगिरणी.
पुढचा रकाना निरीक्षकाचा.
छापणाऱ्यानं तिथं पुरुषच बसणार असं धरलेलं.
मी तुझं नाव घातलं, पूर्ण,
वडिलांचं, आणि जागा उरली होती म्हणून आईचंही.
दुशान्बेहून विचारणा: ही कोण? हिचा पगार कुठून?
मी कळवलं, रोट्यांच्या हिशेबातून.

तिथं वर्गात मुली किती, ते मोजू नकोस
असं तुला सगळे सांगतील.
मोज. मोजणं हेच तर आपलं काम.
पुढच्या वर्षी परत मोज, फरक लिहून ठेव,
तारखेसकट, शाईनं.
आणि चुकशील. मी चुकले तशी, आठवडेच्या आठवडे.
खोडताना खालचा आकडा वाचता येईल असं खोड.

कुणीतरी हसेल. वाईट माणूसच हसेल असं नाही;
माझ्यासारखी एखादी, थकलेली, तुझ्यावर जीव असलेली.
तिच्याशी वाद घालत बसू नकोस.
खाली जा,
पाट अडव.
तीनदा.

उठू नकोस. आवाज कसला ऐकतेस, सुई बघ:
पुलावर चढतोय आत्ता.
वळणाला अजून वेळ आहे.
चहा संपव.